माहेरच्या नावाचा शोध : एकोणिसाव्या शतकातील सामान्य इंग्रज स्त्री आणि तिचे दप्तर

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सामान्य घरात जन्मलेल्या स्त्रीची वंशावळ शोधू पाहणाऱ्याला कागदांची वानवा भासत नाही. त्या काळच्या इंग्रजी व्यवस्थेने माणसांच्या नोंदी ठेवण्यात फारशी कसूर केली नाही. मात्र प्रत्येक दप्तर आपापल्या गरजेपुरते लिहिले गेले. चर्चला कर्तव्य होते बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्याशी. पॅरिशला, म्हणजे एका चर्चभोवती आखलेल्या आणि स्थानिक कारभारही पाहणाऱ्या विभागाला, गरिबांवर होणाऱ्या खर्चाशी. न्यायालयाला गुन्ह्याशी आणि लंडनच्या सरकारला डोकी मोजण्याशी. या कागदांत स्त्री येते ती बहुधा कोणाची तरी मुलगी, बायको किंवा विधवा म्हणून, आणि लग्नात तिचे आडनाव बदलत असल्यामुळे ती एका नावाने दप्तरात शिरते व दुसऱ्या नावाने बाहेर पडते. जिचा संसार धडपणे पार पडला, जिने कोणापुढे हात पसरला नाही आणि जिच्यावर कोणी फिर्याद केली नाही, तिच्या वाट्याला साऱ्या जन्मात मोजक्या ओळी येतात. जिची घडी विस्कटली तिच्याबद्दल मात्र पानेच्या पाने सापडतात. हा विपर्यास ध्यानात न ठेवता दप्तर चाळणाऱ्याचा असा समज होण्याचा संभव असतो की त्या काळातील इंग्रज स्त्री एकतर मुकी होती किंवा कोर्टकचेरीच्या पायरीवर उभी होती.

या मुकेपणाच्या मुळाशी कायदा होता. इंग्लंडच्या रूढ कायद्यात, ज्याला कॉमन लॉ म्हणतात, 'कव्हर्चर' नावाचे एक तत्त्व होते. विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होते, असा त्याचा आशय. त्यामुळे तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे आणि तिची जंगम मालमत्ता लग्नाबरोबर नवऱ्याची होत असे. १८७० च्या कायद्याने तिची स्वतःची कमाई तिच्याकडे राहू लागली आणि १ जानेवारी १८८३ पासून अमलात आलेल्या दुसऱ्या कायद्याने तिला स्वतंत्र मालमत्तेचा पूर्ण अधिकार मिळाला. तोपर्यंत घरपट्टीच्या याद्यांत आणि भाडेकरारांत नवऱ्याचेच नाव येई. मृत्युपत्रांचे दप्तर १२ जानेवारी १८५८ पासून चर्चच्या न्यायालयांकडून सरकारी कचेरीकडे आले आणि तेव्हापासून त्याची देशभराची छापील वार्षिक सूची निघू लागली. तीत अविवाहित प्रौढा आणि विधवा ठळकपणे दिसतात, पण आरंभीच्या पंचवीस वर्षांत नवरा हयात असलेल्या बायका विरळा आढळतात. मालमत्तेच्या वाटेने शोध घेणाऱ्याला म्हणूनच स्त्री सापडते ती लग्नाच्या अलीकडे किंवा वैधव्याच्या पलीकडे.

सर्वांत जुने दप्तर चर्चचे. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम दिला, आणि ज्या वह्या वाळवी, ओल व आग यांतून वाचल्या त्या आज बहुतांशी जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत आहेत. १८१३ पासून या वह्यांना छापील नमुना आला. बाप्तिस्म्याच्या रकान्यांत बालकाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि बापाचा धंदा असे. आईचे माहेरचे आडनाव मात्र नमुन्यातच नव्हते, आणि एखाद्या चोखंदळ पाद्र्याने समासात ते लिहून ठेवले असेल तर संशोधकाने त्याचे उपकारच मानावेत. दफनाच्या नमुन्यात नाव, राहते ठिकाण, वय आणि तारीख एवढेच विचारलेले असे. मेरी या नावाची, विशी-पंचविशीची, एखाद्या औद्योगिक शहरात पुरलेली स्त्री कोणाची कोण हे त्या ओळीवरून ठरवणे अशक्य असते, कारण मेरी, ॲन, एलिझाबेथ आणि सारा या चार-पाच नावांतच त्या काळच्या इंग्रज मुलींचा मोठा भाग सामावलेला होता. त्यातही मेरीला घरात पॉली म्हणत, एलिझाबेथला बेट्सी, साराला सॅली, ॲनला नॅन्सी, आणि जनगणनेचा कारकून दारात उभा राहिला की यांपैकी कोणते नाव त्याच्या कागदावर उतरेल याचा नेम नसे.

विवाहाच्या वहीचा इतिहास थोडा निराळा आहे. १७५३ च्या कायद्याने, जो पुढल्या वर्षी अमलात आला, ज्यू आणि क्वेकर वगळता सर्वांना राज्यमान्य अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावणे भाग पाडले आणि वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या सक्तीच्या केल्या. पण त्या वहीत बापाचे नाव नव्हते की वय नव्हते. १८३७ पूर्वीच्या लग्नावरून वधूचे माहेर शोधायचे झाल्यास म्हणूनच साक्षीदारांच्या सह्यांकडे पाहावे लागते. बहीण, भाऊ किंवा चुलता बहुधा तिथे सापडतो, आणि पुढे जन्मलेल्या एखाद्या मुलाला मधले नाव म्हणून आईचे आडनाव दिलेले असले तर त्या सहीला दुजोरा मिळतो.

१ जुलै १८३७ या तारखेला इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलकी नोंदणी सुरू झाली आणि वंशावळीच्या शोधाला खरा आधार मिळाला. देशाचे जिल्हे पाडून प्रत्येकावर निबंधक नेमला गेला, आणि त्याने भरलेल्या नोंदींच्या प्रती दर तीन महिन्यांनी लंडनच्या महानिबंधक कार्यालयात जाऊ लागल्या. जन्माच्या दाखल्यात आईचे नाव आणि तिचे माहेरचे आडनाव यांसाठी स्वतंत्र रकाना ठेवलेला होता. इंग्लंडच्या सामान्य स्त्रीचा माग मागच्या पिढीत नेणारा सर्वांत खात्रीचा दुवा हाच. तरीही आरंभीची नोंदणी पुरी नाही. जन्म कळवण्याची सक्तीची जबाबदारी आणि न कळवल्यास दंड ही तरतूद १८७४ च्या कायद्याने आली. तोवर निबंधकाने स्वतःच हिंडून जन्म हुडकावेत अशी अपेक्षा असल्यामुळे दाट वस्तीच्या गल्ल्यांतील पुष्कळ मुले वहीबाहेर राहिली. दुसरी अडचण सूचीची होती. छापील सूचीत आईचे माहेरचे नाव १९११ च्या उत्तरार्धापासूनच येऊ लागले, त्यामुळे एका आडनावाच्या शेकडो जन्मांतून आपले मूल निवडण्यासाठी दाखल्यामागून दाखला विकत घ्यावा लागे. महानिबंधक कार्यालयाने २०१६ मध्ये १८३७ पर्यंत मागे जाणारी नवी सूची माहेरच्या नावासह खुली केली, तेव्हा एका स्त्रीची सगळी बाळंतपणे, तान्हेपणीच दगावलेल्या आणि कुटुंबाच्या आठवणीतूनही पुसल्या गेलेल्या मुलांसकट, ओळीने मांडणे प्रथमच सोपे झाले.

जन्माचा दाखला आईबद्दल जेवढा उदार, तेवढाच विवाहाचा दाखला कंजूष. १८३७ च्या नमुन्यात वधू आणि वर या दोघांच्याही बापाचे नाव व धंदा विचारला होता; आईला जागा नव्हती. ही उणीव दूर व्हायला इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ उजाडावा लागला. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र १८५५ साली मुलकी नोंदणी सुरू करतानाच विवाहात आणि मृत्यूतही दोन्ही पालकांची नावे, आईच्या माहेरच्या नावासह, मागितली. स्कॉटिश स्त्रीचा शोध त्यामुळे किती सुकर होतो हे दोन्ही देशांची दप्तरे चाळणाऱ्याला चटकन जाणवते. इंग्लिश दाखल्यात वयाच्या जागी पुष्कळदा नुसते 'पूर्ण वय' असे लिहिलेले असते, म्हणजे एकवीस वर्षे पुरी झालेली, आणि वधूच्या धंद्याचा रकाना, ती दहा वर्षे गिरणीत राबलेली असली तरी, सर्रास कोरा असतो. खाली सह्या येतात. १८४१ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील शेकडा ४९ वधूंनी आणि शेकडा ३३ वरांनी सहीऐवजी फुली मारली होती. ही फुली निरक्षरतेचा निर्विवाद पुरावा मानू नये. वाचन आधी आणि लेखन मागाहून शिकवण्याची पद्धत असल्यामुळे बायबल वाचू शकणारी पण लेखणी न धरलेली स्त्री त्या पिढीत विरळ नव्हती, आणि नवरा फुली मारत असता आपण झोकात सही करणे काहींना प्रशस्त वाटत नसावे असाही कयास केला जातो. मृत्यूच्या दाखल्यात धंद्याच्या रकान्यात 'अमक्या लोहाराची बायको' किंवा 'तमक्या मजुराची विधवा' असे लिहिण्याची चाल होती आणि जन्मस्थळ व माहेरचे नाव यांची नोंद इंग्लंडात १९६९ पर्यंत होत नसे. मरणाच्या कागदावर नवऱ्याचा धंदा कळतो, बायकोचा नाही.

जनगणनेचे महत्त्व येथे येते, कारण इतर कागद प्रसंगाचे आहेत आणि जनगणना घराची आहे. १८०१ पासून दर दहा वर्षांनी मोजणी होत असली तरी सामान्य माणसांची नावे सर्व देशभर प्रथम टिपली गेली ती ६ जून १८४१ च्या मोजणीत. तीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली ओढून लिहावीत अशी सूचना होती, कुटुंबप्रमुखाशी नाते विचारले नव्हते आणि जन्म याच परगण्यात झाला की नाही एवढेच हो-नाहीत हवे होते. ३० मार्च १८५१ च्या मोजणीपासून नाते, वैवाहिक स्थिती, नेमके वय आणि जन्माची पॅरिश हे सारे आले. घरोघर वाटलेले तक्ते मोजणीदार गोळा करून आपल्या वहीत उतरवून घेत आणि मूळ तक्ते पुढे नष्ट केले जात. म्हणजे आज जे वाचले जाते ते एका अनोळखी पुरुषाच्या हातची नक्कल असते. एकच स्त्री तीन जनगणनांत तीन वये आणि दोन जन्मगावे सांगते तेव्हा तिला खोटारडी ठरवण्याची घाई करू नये. जिथे जन्मली ते ठिकाण कित्येकींना ठाऊक नसे, आठवत असे ते जिथे वाढली ते. आणि नवऱ्याहून पाच वर्षांनी थोरली असणे लपवावेसे वाटले तर त्यात नवल नाही.

घरकामाच्या नोकरीने हा शोध आणखी गुंतागुंतीचा केला. शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड आणि वेल्समधील दहा लाखांहून अधिक स्त्रिया मोलकरणी, स्वयंपाकिणी किंवा दाई म्हणून दुसऱ्यांच्या घरी राहत होत्या, आणि बारा-तेराव्या वर्षी घर सोडलेली मुलगी आईबापांच्या घराऐवजी पाच-पंचवीस मैलांवरच्या कुठल्यातरी दुकानदाराच्या घरात, यादीच्या तळाशी, 'नोकर' म्हणून आढळते. याउलट विवाहित स्त्रीचे काम पुष्कळदा दिसतच नाही. बेडफर्डशरमधील गवताच्या टोप्यांसाठी वेण्या गुंफणे, बकिंगहॅमशरमधील हातांनी लेस विणणे, शहरांत दुसऱ्यांचे कपडे धुणे, भाडेकरू ठेवणे ही कामे घर चालवीत. पण नवऱ्याने तक्ता भरताना ती लिहिण्याचे मनावर घेतले नाही तर रकाना रिकामा राही. १८८१ पासून तर घरचे काम करणाऱ्या बायका 'उद्योग नसलेल्या' वर्गात टाकल्या गेल्या. या ओसाड रकान्यांपुढे १९११ ची जनगणना उठून दिसते. तिचे घरोघरचे मूळ तक्ते टिकले आहेत, आणि कुटुंबांचा आकार घटू लागल्याच्या काळजीपोटी सरकारने विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत आणि किती वारली असे विचारले होते. विधवांना हा प्रश्न नव्हता, तरी कित्येक विधवांनी तो भरला. कारकुनांनी त्या आकड्यांवर रेघ ओढली, पण आकडे रेघेखालून वाचता येतात, आणि १८४० किंवा १८५० च्या दशकात जन्मलेल्या एखादीच्या बाबतीत स्वतःच्या संसाराचा तिने स्वतः दिलेला हिशेब म्हणून तेवढाच उरतो.

सामान्य स्त्री आपल्याबद्दल सलग काही बोलते असे दप्तर फार थोडे, आणि त्यांत अग्रक्रम गरिबांच्या निर्वाहाच्या कायद्याखालील जबान्यांना द्यावा लागतो. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाला एक 'सेटलमेंट', म्हणजे ज्या पॅरिशने त्याला हलाखीत पोसायचे ती हक्काची पॅरिश, ठरवून दिली होती. मदत मागायला आलेली व्यक्ती आपली की परकी हे ठरवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे तिची जबानी घेतली जाई: जन्म कुठे झाला, बाप कोण होता, कोणाच्या घरी वर्षभराच्या बोलीवर नोकरी केली आणि काय पगारावर, लग्न कोणत्या चर्चमध्ये लागले, मुले किती आणि केवढी, नवरा सोडून गेला तो कुठे. लग्नाबरोबर बायकोची पॅरिश बदलून नवऱ्याची होत असल्यामुळे, जन्मभर लंडनमध्ये राहिलेल्या बाईला नवरा मेल्यावर मुलांसह त्याच्या गावी, जिथे तिने कधी पाऊल टाकले नव्हते तिथे, सरकारी खर्चाने पोहोचवण्याचा हुकूम निघू शकत असे. १८४६ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मृत्यूनंतर एक वर्ष आणि सलग पाच वर्षे एका ठिकाणी राहिलेल्यांना कायमचे या हकालपट्टीतून वाचवले. वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो निर्दय कायदाच अधिक उपयोगाचा ठरतो, कारण दोन पॅरिशांत खर्च कोणी करायचा यावर वाद लागला की साक्षी निघत, आजोबांच्या काळचे करार शोधले जात, आणि ज्या कुटुंबाने एक अक्षर मागे ठेवले नसते त्याचा तीन पिढ्यांचा वृत्तांत कारकुनाच्या हातून कागदावर येई.

अनौरस मुलांच्या बाबतीतही हाच न्याय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील शेकडा सहा-सात जन्म लग्नाबाहेरचे होते. पूर्वी पॅरिशचे अधिकारी बापाचा छडा लावून त्याच्याकडून पोटगी वसूल करीत. १८३४ च्या नव्या कायद्याने, आईला धाक बसेल या हिशेबाने, भार बहुतांशी तिच्यावर लोटला, आणि त्याविरुद्ध ओरड झाल्यावर १८४४ मध्ये तिला स्वतः स्थानिक न्यायालयात जाऊन बापाविरुद्ध अर्ज करण्याची मुभा मिळाली. त्या अर्जांच्या वह्या जिथे शिल्लक आहेत तिथे जन्माच्या दाखल्यात रेघ मारलेल्या बापाचे नाव सापडते. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलचे दप्तर याहून बोलके आहे. टॉमस कोरम या दर्यावर्दी व्यापाऱ्याला १७३९ मध्ये मिळालेल्या सनदेने उभी राहिलेली ही संस्था एकोणिसाव्या शतकात अविवाहित आईचे पहिलेच मूल, आणि तिचे पूर्वचारित्र्य निष्कलंक असल्याची खात्री पटल्यावरच, ठेवून घेई. त्यासाठी छापील अर्ज, प्रत्यक्ष मुलाखत आणि मालकांकडे चौकशी असे सोपस्कार होते. मूल आत घेतले की त्याचे नाव बदलले जाई. एका टोकाला आईची सविस्तर कैफियत आणि दुसऱ्या टोकाला परक्या नावाने वाढलेले मूल, यांना जोडणारा धागा केवळ संस्थेच्या वहीत होता.

गुन्ह्याचे दप्तर याही पुढे जाते. ऑस्ट्रेलियाला जन्मठेपेच्या किंवा सात-चौदा वर्षांच्या शिक्षेवर धाडलेल्या स्त्रिया सुमारे पंचवीस हजार होत्या आणि त्यांतील बहुसंख्य किरकोळ चोरीसाठी गेल्या. जहाजावर चढवताना आणि पलीकडे उतरवताना त्यांची उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, देवीचे वण, गोंदण, मोडलेला दात, जन्मगाव, धंदा, भावंडांची नावे हे सारे लिहून घेतले गेले, कारण पळाली तर ओळख पटली पाहिजे. त्याच काळात मँचेस्टरच्या गिरणीत इमानाने खपलेल्या तिच्या बहिणीचे डोळे कोणत्या रंगाचे होते ते आज कोणालाही सांगता येणार नाही.

हा विपर्यास कोणत्या थराला जातो ते मेरी ॲन निकल्स या लंडनच्या स्त्रीच्या उदाहरणात दिसते. ३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे व्हाइटचॅपलमधील बक्स रो या गल्लीत तिचा खून झालेला आढळला आणि तो ज्याच्या नावावर मांडला जातो त्या अज्ञात खुन्यावर आजवर कपाटे भरतील इतके लिहिले गेले. तिच्याकडे मात्र दीर्घकाळ केवळ एक बळी म्हणून पाहिले गेले. इतिहासकार हॅली रूबनहोल्ड यांच्या २०१९ च्या 'द फाइव्ह' या ग्रंथाने ती आणि तिच्यासारख्या इतर चार स्त्रिया यांची जन्मापासूनची चरित्रे दप्तरांतून जुळवून हा रोख बदलला. प्रेत सापडले तेव्हा ओळख पटवणारे काही नव्हते. जवळ एक फणी, एक हातरुमाल आणि आरशाचा तुकडा होता. ओळख पटली ती परकरावरच्या शिक्क्यावरून. त्यावर लॅम्बेथ वर्कहाउसची, म्हणजे निराधारांना काम आणि निवारा देणाऱ्या सरकारी आश्रमाची, खूण होती; तिथून चौकशी गेली आणि त्या आश्रमात राहिलेल्या एका बाईने तिला ओळखले. संस्थेने आपले कापड चोरीला जाऊ नये म्हणून उठवलेला ठसा एका स्त्रीला तिचे नाव परत देणारा ठरला.

तेथून मागे गेले की कागद भराभर लागतात. जन्म ऑगस्ट १८४५ मध्ये फ्लीट स्ट्रीटजवळच्या छापखान्यांच्या वस्तीत, बाप एडवर्ड वॉकर लोहारकाम करणारा, आई कॅरोलाइन, जानेवारी १८६४ मध्ये, अठरा वर्षांची असताना, सेंट ब्राइड्स चर्चमध्ये विल्यम निकल्स या छपाई कामगाराशी लग्न, पाच मुले, मग स्टॅम्फर्ड स्ट्रीटवरील पीबडी बिल्डिंगमध्ये, अमेरिकन सावकार जॉर्ज पीबडी याच्या देणगीतून कष्टकऱ्यांसाठी बांधलेल्या आणि भाडेकरू पारखून घेणाऱ्या चाळीत, बिऱ्हाड. येथवरची ही स्त्री शेजारपाजारच्या हजारोंहून वेगळी नाही आणि तिच्याबद्दलचे कागदही हजारोंइतकेच त्रोटक आहेत. १८८० मध्ये नवराबायको विभक्त झाली. त्यानंतरची आठ वर्षे दप्तर तिचा पाठलाग करते, कारण आता ती खर्चाची बाब झाली होती. नवरा आठवड्याला पाच शिलिंग देत होता ते १८८२ मध्ये बंद पडले. ती दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते हे त्याने अधिकाऱ्यांपुढे मांडले आणि त्याची जबाबदारी संपली. लॅम्बेथच्या वर्कहाउसच्या वह्यांत ती आत येते, बाहेर जाते, पुन्हा येते. मे १८८८ मध्ये वर्कहाउसनेच तिला वाँड्सवर्थच्या एका घरी कामाला लावून दिले, आणि तिथून तिने बापाला पत्र लिहिले: घर चांगले आहे, माणसे धार्मिक व निर्व्यसनी आहेत, मुलाची खुशाली कळवा. जुलैत ती साडेतीन पौंड किमतीचे कपडे घेऊन तेथून निघून गेली. मृत्यूनंतरच्या चौकशीत, म्हणजे संशयास्पद मरणाचे कारण ठरवण्यासाठी पंचांसमोर होणाऱ्या सुनावणीत, बाप आणि नवरा यांच्या साक्षी झाल्या. या सुनावणीचे जे तपशील आज वापरले जातात ते वृत्तपत्रांतील वार्तांचे आहेत, आणि एका पत्रातील वय दुसऱ्या पत्राशी जुळत नाही. शवपेटीवरच्या पत्र्यावर ४२ वर्षे लिहिले होते. जन्माच्या तारखेप्रमाणे तिला त्रेचाळीस पुरी झाली होती.

एखादी मोलकरीण स्वतःच्या हाताने लिहून गेली असेल तर चित्र पालटेल असे वाटणे साहजिक आहे. श्रॉपशरमधील शिफनल गावी १८३३ मध्ये जन्मलेली हॅना कलविक ही तशी स्त्री. आठव्या वर्षापासून परक्या घरी राबलेल्या या बाईने झाडलोट, चुली, काजळी, पायऱ्या घासणे, बूट घासणे, मिळालेला पगार यांची वर्षानुवर्षे दिनचर्या लिहिली. पण ती लिहिली गेली आर्थर मनबी या वकील-कवीच्या आग्रहावरून. कष्टकरी स्त्रियांबद्दल त्याला विलक्षण कुतूहल होते, हॅनाशी त्याचे दीर्घकाळ गुप्त संबंध होते आणि १८७३ मध्ये त्याने तिच्याशी गुपचूप लग्न केले. या रोजनिशा मनबीच्या कागदांबरोबर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेल्या म्हणून वाचल्या. भद्र पुरुषाच्या पेटीत जागा मिळाली नसती तर हॅनाचीही गणना जनगणनेतल्या एका ओळीत झाली असती, आणि त्या ओळीत ती विवाहित असल्याचेही कदाचित कळले नसते.

वैवाहिक स्थितीच्या रकान्यावर फार विसंबू नये, हे यावरून ओघाने येते. दिवाणी न्यायालयातून घटस्फोट १८५८ पासून शक्य झाला, पण त्याचा खर्च कामगारांच्या आवाक्याबाहेरचा होता आणि नवऱ्याला व्यभिचार सिद्ध करून जे मिळे ते मिळवण्यासाठी बायकोला व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा टाकून देणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. मारहाणीबद्दल शिक्षा झालेल्या नवऱ्यापासून दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने विभक्त राहण्याची सोय १८७८ मध्ये झाली. एरवी गरिबांची फारकत म्हणजे एकाने बिऱ्हाड सोडणे. सात वर्षे जोडीदाराचा ठावठिकाणा कळला नाही तर पुनर्विवाह केल्याबद्दल फौजदारी शिक्षा होत नसे, आणि तेवढा धीर नसलेले दुसऱ्या पॅरिशमध्ये जाऊन स्वतःला विधवा किंवा विधुर म्हणवीत. लग्नाच्या वहीतील 'विधवा' हा शब्द म्हणूनच मृत नवऱ्याचा दाखला सापडेपर्यंत संशयास पात्र ठरतो.

कधीकधी इंग्लंडच्या एका जनगणनेत असलेली मुलगी पुढल्या जनगणनेत मुळीच नसते, मृत्यूही सापडत नाही, आणि तिचा शोध मुंबई इलाख्यात लागतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि मागाहून सरकारच्या पाद्र्यांनी मुंबई, पुणे, खडकी, अहमदनगर अशा ठाण्यांवर केलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात असत. १७०९ पासून १९४८ पर्यंतचे हे दप्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. लष्करात कमांडिंग ऑफिसरच्या परवानगीने लग्न केलेल्या मर्यादित सैनिकांच्याच बायकांना पलटणीबरोबर प्रवास आणि शिधा मिळे. नवरा पटकीने किंवा तापाने गेला तर शिधा काही महिन्यांपुरताच चाले, आणि परतीचे भाडे नसलेली विधवा त्याच ठाण्यावरच्या दुसऱ्या सैनिकाशी अल्पावधीत लग्न करी; दोन-तीन लग्ने, तितकीच आडनावे, आणि मधूनमधून मुलांची दफने अशी तिची मालिका एकाच वहीच्या काही पानांत वाचता येते. परवानगीवाचून लग्न केलेली बायको मात्र पलटणीचे जहाज सुटले की मुलांसह बंदरावर मागे राही, आणि तिचा पुढला कागद नवऱ्याच्या पॅरिशचा पत्ता विचारणाऱ्या दंडाधिकाऱ्यापुढे झालेल्या जबानीचा असे.